तीन नळ्या आणि एक पेला

परभणी जिल्ह्यात मुद्दाम जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांची तिथे बदली झाली आहे. दुसरी, ज्यांची तिथे सोयरीक आहे. मी दोन्हींत बसत नव्हते. मी गेले होते उसाच्या रसातली साखर मोजायला. हे सांगितलं की गाडीतली माणसं माझ्याकडे पाहून मग माझ्या पत्र्याच्या ट्रंकेकडे पाहायची, आणि जरा सरकून बसायची.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी चार वर्षं एक यंत्र बनवत होते. त्याचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. उसातली साखर म्हणजे दोन लहान साखरा हातात हात घालून उभ्या असतात. एक विशिष्ट एन्झाइम त्यांचे हात सोडवतं. हे एन्झाइम मी काचेच्या बारीक मण्यांवर चिकटवलं होतं आणि ते मणी करंगळीएवढ्या नळीत भरले होते. रस नळीतून जाण्याआधी आणि गेल्यानंतर त्यातून डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेच्या जातीचे अवरक्त किरण सोडायचे. हात धरलेल्या आणि हात सुटलेल्या साखरा ते किरण वेगवेगळे शोषतात. फरक मोजला की खरी साखर किती ते कळतं. रसात बुडवायच्या साध्या काट्याला रसात विरघळलेलं सगळंच साखर वाटतं. शिळ्या उसाचा बिघडलेला रस त्याला ताज्यासारखाच दिसतो. गूळ मात्र फसत नाही, अशा रसाचा तो घट्ट बसतच नाही.

एक नळी जमायला तीन-तीन महिने लागत. माझ्याजवळ तीन होत्या.

आमचे सर मितभाषी. ते म्हणाले होते, "प्रयोगशाळेत सगळंच चालतं, जाधव. गुऱ्हाळातल्या चुलवाणाच्या धगीत, धुळीत, बॅटरीवर एका नळीतून सलग पन्नास नोंदी घेऊन ये. नाही जमलं तर हा डबा कपाटात जाईल आणि तू दुसरा विषय घेशील." चार वर्षं कपाटात! मी ट्रंक भरताना झाकण असं आपटलं की शेजारच्या खोलीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

सरांच्या ओळखीच्या कुणी ताडकळसच्या भुजंगरावांचं गुऱ्हाळ सुचवलं होतं. मी मूळची कोल्हापूरची. "गुळासाठी कोल्हापूर सोडून मराठवाड्यात?" असं सगळ्यांनी विचारलं. सरांचं म्हणणं, कोल्हापुरात सगळे मदत करतील. जिथे कुणी ओळखत नाही तिथे यंत्र चाललं तर खरं. कोल्हापूरहून पुण्याला निघताना वडील स्टँडवर आले होते. ते शाळामास्तर, सल्ले मोजून देणारे. ते एवढंच म्हणाले, "तिकडे नामांतरावरून अजून धुमसतंय. आडनावावरून खोदून विचारतील. विचारलं तर सांग. लपवू नकोस." मी "बरं" म्हटलं. म्हणणं सोपं असतं.

सेलू

एन्झाइमला उष्णता सोसत नाही, म्हणून नळ्या थर्मासमध्ये बर्फात ठेवल्या होत्या. सेलू आलं तोवर बर्फाचं पाणी झालेलं. फलाटावर कापसाच्या गाठींच्या राशी लागल्या होत्या आणि त्यांच्याआड एक सोडावाला दिसला. बर्फ मागायला मी ट्रंक घेऊनच उतरले, कारण ट्रंक कुणाच्या भरवशावर ठेवायची माझी छाती नव्हती. उतरताना ती हातातून निसटली. यंत्र वाचलं. त्याच्या बाजूला साडीत गुंडाळलेली दोन काचपात्रं मात्र गेली. नमुना घ्यायची माझी भांडी तीच.

सोडावाला म्हणाला, "थंडीच्या दिसात बर्फ कोण ठिवतंय बाई?"

तोवर गाडी हलली होती. मी फलाटावर उभी, एका हातात ट्रंक, दुसऱ्यात थर्मास, आणि तोंडात कोल्हापुरी शब्द. सोडावाल्याने मला बाकावर बसवलं, न मागता एक गोटीसोडा फोडून दिला आणि विचारलं, "असं काय हाय त्याच्यात, औषध?"

"तसंच समजा. गार राहायला हवं."

"मग मडक्यात ठिवा की. भवती ओलं पोतं गुंडाळा आन् वाऱ्यावर ठिवा. हितली थंडी फुकट हाय, वापरा."

त्यानेच दुकानातलं लहान मडकं दिलं. पुढच्या गाडीने मी परभणीला पोचले तेव्हा मडक्यातला थर्मामीटर बर्फाच्या जवळपासचा नसला तरी पुरेसा खाली होता. चार वर्षं शिकलेल्या बाईला सोडावाल्याने पाच मिनिटांत शिकवलं, याचा मला थोडा राग आला आणि पुष्कळ बरं वाटलं. काचपात्रं परभणीत घेईन म्हणून ठरवलं, आणि सकाळची एसटी पकडायच्या घाईत राहून गेलं. ही चूक लक्षात ठेवा.

ताडकळस

परभणीहून ताडकळसपर्यंत जमीन काळी आणि सपाट. आमच्याकडे नजर कुठे टाकली तरी डोंगराला अडते. इथे ती निघाली की जातच राहते. वेचून झालेला कापूस, कणसात आलेली ज्वारी, मधूनच कॅनॉलच्या बाजूने उसाची हिरवी पट्टी. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नावाच्या घोषणा होत्या, एक बाजूची आणि तिच्यावर चुना फासून लिहिलेली दुसऱ्या बाजूची. दोन्ही उन्हाने फिकट झाल्या होत्या.

भुजंगराव स्वतः मोटारसायकल घेऊन आले. साठीच्या आतबाहेरचे, पांढरंस्वच्छ धोतर, आवाज मऊ. ट्रंक त्यांनी मांडीवर घेतली आणि मोटारसायकल गड्याने चालवली. मला मागून बैलगाडीने आणलं. मळ्यात पोचल्यावर हातपाय धुवायला पाणी, मग बाजेवर सतरंजी, मग आतून एक तांब्याचा तांब्या आला. चिंचेने घासून असा लख्ख केलेला की त्यात माझं तोंड दिसलं.

"पाव्हणे मानसाला आमच्यात तांब्यातच देत असतेत," भुजंगराव म्हणाले. "रोज घासायचा, चिंच लावून. वडिलांपासून चाललंय."

मी प्यायले. त्यांनी विचारलं, "जाधव म्हंजे कोणत्या जाधव तुमी?"

प्रश्न कसा मऊ होता! मी म्हणाले, "कोल्हापूरच्या."

त्यांनी समाधानाने मान हलवली. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांना जे वाटायचं होतं ते वाटलं, आणि मी वाटू दिलं. माझे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले, वडिलांनी त्याच अभिमानावर आयुष्य काढलं, आणि मी एका वाक्यात ते सतरंजीखाली सारलं. पण मनात म्हटलं, आधी पन्नास नोंदी, मग बाकी सगळं.

गुऱ्हाळ मळ्याच्या टोकाला, कुडाच्या खोपीत. आम्ही जिला काहील म्हणतो तिला इथे कढई म्हणतात, आणि आमच्या मोठाल्या ढेपांऐवजी इथे तळहातावर मावणाऱ्या भेल्या पाडतात. गूळ काळसर. आमच्याकडे पिवळा धमक करायला पावडर टाकतात, हे मी सांगितल्यावर कढईजवळचा म्हातारा हसला. हा मैनोद्दीन चाचा, इथला गुळव्या; रस कधी उतरवायचा हे ठरवणारा. थेंबभर पाक पाण्यात टाकायचा, दोन बोटांत चोळायचा आणि "हां" किंवा "अभी नहीं" म्हणायचा. त्याच्या "हां"शिवाय कढई हलत नसे.

चाचाने ट्रंक पाहिली. "ये डब्बा बताता क्या, रस मीठा के नहीं? मेरी उंगली को दवाखाने भेजू फिर?"

"तुमची बोटं पाक झाल्यावर सांगतात," मी म्हटलं. "हा डबा रस कढईत पडायच्या आधी सांगेल."

"बघू की," तो मराठीत आला. "लय मोठी गोष्ट बोलायलाव बाई."

चुलवाणात चिपाडं सारायचं काम गयाबाईकडे होतं. चाळिशीची, काटक, धुराने डोळे बारीक झालेली. ती फारसं बोलत नव्हती. मी कुठे पाय ठेवते, काय उचलते, ते मात्र पाहत होती.

इथली एक रीत मला पहिल्याच तासात कळली. चरकातून काढलेला रस भुईवर ओतायचा नाही, आणि भांड्यात घेतलेला पुन्हा कढईतही टाकायचा नाही. सांडला तर गूळ फुटतो म्हणतात. म्हणून मी नमुना घेतल्यावर भांड्यात जो रस उरे, तो मालकाने प्यायचा. भुजंगरावांनी ही जबाबदारी आनंदाने घेतली. नमुना तेच आणत, दरवेळी नव्याने घासलेल्या त्या तांब्यात. मी दोन थेंब घेतले की उरलेला रस वरूनच, ओठ न लावता, घटाघट पीत. कोल्हापुरात गुऱ्हाळावर गेलं की पोट फुटेस्तोवर रस पाजतात, पण हिशेबाने एकाच माणसाला पाजण्याची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली.

काचेच्या बाटल्या माझ्याकडे होत्या, पण त्यांत पुण्याला न्यायचे नमुने टिकवायला विष घातलेलं होतं. पिण्याचा रस त्यात घेणं शक्यच नव्हतं. आणि तांब्या एवढ्या प्रेमाने येत होता.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर यंत्र लावलं. पहिल्या पाच नोंदी अशा सुरेख आल्या की मी चाचाकडे पाहून भुवई उडवली. सहावी जरा कमी. सातवी निम्मी. आठव्या वेळी यंत्र म्हणालं की या उसात साखर जवळपास नाहीच.

"मशीन बीमार पडी क्या बाई तुम्हारी?" चाचाने विचारलं.

यंत्र ठणठणीत होतं. नळी मेली होती.

दुसरा दिवस

मी रागीट आहे हे घरचे सांगतात. त्या सकाळी परक्यांनाही कळलं. माझा संशय चुन्यावर होता. रसातली मळी वर आणायला गुळव्या कढईत चुन्याची निवळी टाकतो, आणि चुना माझ्या एन्झाइमला मानवत नाही. चरकाखालच्या पिंपातही चाचाने आधीच निवळी टाकली असणार, असं मी धरून चालले आणि सगळ्यांसमोर त्याला तसं विचारलं.

चाचाचं तोंड पडलं. "चाळीस साल झाले, बाई. कढईत पडायच्या आधी चुना टाकत न्हाई म्या. तुमच्या डब्ब्याला जमंना, म्हनून माझं काम खोटं?"

भुजंगरावांनी मधे पडून ठरवलं की रस चरकाच्या तोंडातून, माझ्या डोळ्यांदेखत, थेट तांब्यात धरायचा. तसा धरला. मी दुसरी नळी लावली. आता चुन्याचा प्रश्नच नव्हता. चार नोंदी सरळ आल्या, पाचवी डगमगली, नववीला ही नळीही गेली.

मी चाचापुढे जाऊन "चुकलं माझं" म्हटलं. त्याने फक्त हात हलवला आणि कढईकडे वळला.

दुपारी भुजंगरावांकडून हुरडा आला. शेणकुटांच्या आरात भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेले हिरवे गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. आमच्याकडे हुरडा म्हणजे एखाद्या रविवारची मजा. इथे तो पोटभर जेवण असतो. मला मात्र घास जाईना. एक नळी उरली होती. ती लावायची आणि तीही मारायची, की गुपचूप बांधाबांध करून पुण्याला जायचं? सर "बरं" म्हणतील, कपाट उघडतील आणि बंद करतील. मला रडू यायला लागलं आणि रडण्याचा राग आला, म्हणून मी उठून खोपीच्या मागे गेले.

तिथे गयाबाई भाकरी खात बसली होती. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. मी शेजारी बसले. तिने न विचारता अर्धी भाकरी मोडून दिली आणि ती मी सगळी खाल्ली. मग तिने हात वर करून कुडाच्या सांदीत खोचलेला एक काचेचा पेला काढला. काठाचा टवका उडालेला. चरकावरच्या गड्याला तिने हाक मारली, त्याने वरून, हातभर अंतरावरून, त्यात रस ओतला. तिने तो माझ्यापुढे धरला, आणि मग एकदम मागे घेतला.

"तुमाला तांब्यातला आणू का? ह्यो आमचा हाय."

तो पेला सांदीत का खोचलेला, रस वरून का ओतला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीचाही असा एक पेला होता, दुसऱ्याच्या गोठ्याच्या कोनाड्यात. मी तो तिच्या हातातून घेतला आणि ओठ लावून प्यायले.

"माझाही हाच," मी म्हटलं. "गयाबाई, मी जयभीमवाली आहे."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "मला वाटलंच. तांब्या हातात आला की बिचकायलाव तुमी. खरे पाव्हणे बिचकत न्हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या माहेरी अठ्ठ्याहत्तरात नामांतराच्या दंगलीत घरं जळाली. तवापास्नं मी बी कुठं काय बोलत न्हाई. पर तुमी शिकलेल्या. तुमी कशाला गप?"

लाज वाटली, तीच लिहिते. तोंड लपवायला मी पुन्हा पेल्यातला घोट घेतला, आणि तेव्हा जिभेला काहीतरी जाणवलं. हा रस निखळ गोड होता. भुजंगरावांचा आग्रह म्हणून दोन दिवस तांब्यातला प्यायले होते त्याला मागे एक बारीक, ओशट धातूची चव होती.

"हा वेगळा लागतो," मी म्हटलं.

"लागनारच की. तांब्यात आंबट-चिंबट कळकतं. रस बी कळकतो. वरती चिंच लावून रोज घासायलेत. ह्यो काचंचा, ह्यात कुठं कळकतंय?"

कळकतं! घरी आई ताक तांब्याच्या भांड्यात ठेवू देत नसे, कल्हई उडाली की आमटी फेकून देई. लहानपणापासून जीभ हा शब्द ओळखते, आणि माझं रसायनशास्त्र मात्र चुना शोधत बसलं होतं. रस थोडा आंबट असतो. चिंचेने नागड्या केलेल्या तांब्यातून तो तांबं उचलतो. आणि एवढंसं तांबंही माझ्या एन्झाइमचा गळा धरतं. पाच-सहा नमुने पुरतात. भांडं जितकं जास्त घासलेलं, तितकं जास्त विष. मला मारत होता तो पाहुणचार.

मी उठून कढईकडे गेले. भुजंगराव कढईपाशी उभे होते, हातात नव्याने घासलेला तांब्या. आता सगळं एका वाक्यात उरकता आलं असतं: काचेचं भांडं द्या. घरून कपाटातला पेला आला असता, मी पन्नास नोंदी घेऊन निघून गेले असते. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं किती वेळा?

"भुजंगराव," मी म्हटलं, "तांब्यातल्या रसाने माझ्या नळ्या मेल्या. नमुना काचेच्या पेल्यात हवा. तो तिकडे कुडाच्या सांदीत आहे. गयाबाईचा. तिचा वेगळा का आहे ते मला माहीत आहे. तुम्ही काल विचारलंत ना, कोणत्या जाधव? बौद्ध. कालच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी."

भुजंगराव चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी तांब्या हळूच कट्ट्यावर ठेवला आणि धोतर सावरत घराकडे चालू लागले. त्या सावकाश चालण्याची मला जास्त भीती वाटली.

तिसरा दिवस

भुजंगराव आले नाहीत. त्यांनी निघून जा असंही कळवलं नाही. गुऱ्हाळ त्यांचं होतं, कढई चाचाची. चाचाने चुलवाण पेटवलं आणि मला म्हणाला, "आज ताडकळसचा बाजार हाय. एका पेल्यात पन्नास कशे करनार? चला."

बाजारात वांगी, मिरच्या, बांगड्या, दोरखंड, आणि एका पोत्यावर काचसामान. मी चहाच्या दुकानात असतात तसे साधे अकरा पेले घेतले. गयाबाईचा धरून बारा झाले. परत आल्यावर मी एक नियम मांडला आणि तो शास्त्राचा होता, त्यात खोट नव्हती: बारा पेले एकाच बादलीत, एकाच पाण्याने धुवायचे, सगळे मिसळून ठेवायचे, एकालाही चिंच लावायची नाही, एकालाही वेगळं ठेवायचं नाही. नाहीतर नोंदीतला फरक उसाचा की भांड्याचा, हे कसं कळणार?

"आन् धुवायचं कोनी?" चरकावरच्या गड्याने विचारलं.

"गयाबाईंनी."

गडी गयाबाईकडे पाहत राहिला. दुसरा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता: उरलेला रस पिणार कोण? मालक तर नव्हते. मी पहिला नमुना घेतला, पेला पुढे धरला. चाचाने कपाळावरचा घाम पुसला, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि पेला रिकामा केला. "मीठा है," तो म्हणाला. "डब्बा क्या बोलता?"

डबाही तेच बोलला. तिसरी नळी लावली होती आणि मी श्वास धरून होते. पाचवी नोंद सरळ. सहावी सरळ. नववी आली तेव्हा मी डोळे मिटून बटण दाबलं, सरळ. दहावीला गयाबाईने चुलवाणाजवळूनच विचारलं, "हाय का जित्ती?"

"जित्ती हाय!" मी तिच्याच भाषेत ओरडले.

चाचा उत्साहात आला. पडलेल्या उसाचा, वाळवी लागलेल्या उसाचा, तीन दिवस तोडून टाकलेल्या उसाचा रस तो स्वतः आणून देऊ लागला. आधी ऊस चावायचा, अंदाज बोलायचा, मग माझ्याकडे पाहायचा. शिळ्या उसाला साध्या काट्याने ताज्याइतकंच गोड म्हटलं, आमच्या दोघांच्या मते मात्र तो खालावलेला निघाला. "मेरी जबान और तुम्हारा डब्बा, दोनो भाई," चाचा म्हणाला. कालचं भांडण त्याने तिथेच संपवलं. दिवस कलला तेव्हा एकतीस नोंदी झाल्या होत्या. रस पिऊन पिऊन चाचाच्या पोटाला तडस लागली होती. शेवटचे काही पेले मी आणि गयाबाई प्यायलो.

चौथा दिवस

सकाळी दहिवर इतकं होतं की बॅटरीच्या तारा पुसून घ्याव्या लागल्या. मडक्याभोवतीचं पोतं थंडगार. दुपारपर्यंत एकोणपन्नास झाल्या. नळी थोडी थकली होती, पण तिचा थकवा हिशेबात धरता येत होता.

तेवढ्यात चरकावरचा गडी ताठ उभा राहिला. बांधावरून भुजंगराव येत होते. हात रिकामे होते. कुणाशी न बोलता ते खोपीत आले, पेल्यांची रांग पाहिली, यंत्राकडे पाहिलं.

"किती राह्यले?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी रांगेतला हाताशी आलेला पेला उचलला, चरकाच्या तोंडाखाली स्वतः धरला आणि भरून माझ्यापुढे आणला. मी दोन थेंब घेतले. पंप सुरू झाला, रस नळीतून गेला, आकडा आला. पन्नासावा, सरळ. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही, कारण सगळे माझ्याकडे नाही, पेल्याकडे पाहत होते.

पेला भुजंगरावांच्या हातात होता आणि त्यांचा अंगठा काठावर थांबला होता. टवक्यावर. त्यांनी अंगठा एकदा पुढे, एकदा मागे नेला. मग गयाबाईकडे पाहिलं. ती चुलवाणापाशी चिपाडं हातात घेऊन तशीच उभी होती.

"ह्योच का त्यो?"

"व्हय मालक," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण ती खोटं बोलली नाही.

उरलेला रस भुईवर ओतायचा नाही, ही त्यांच्याच वडिलांची रीत. चाचा पुढे झाला, हात पुढे केला, की मी पितो. भुजंगरावांनी मान हलवली. आता ते नेहमीसारखा वरून पितील, असं मला वाटलं. तेही पुष्कळच झालं असतं. त्यांनी टवक्याची बाजू फिरवून पलीकडे केली, पेला ओठाला लावला आणि सावकाश, थांबत थांबत, तळापर्यंत प्यायले.

"दोन रोज घरी बसून इचार केला," ते म्हणाले, कुणाकडे न पाहता. "वडील असते तर प्याले नसते." मग पेला त्यांनी बादलीत, बाकीच्यांत सोडला. गयाबाई सवयीने तो काढून सांदीत खोचायला पुढे आली तेव्हा म्हणाले, "राहू दे. हितंच असू दे आता."

गावात, विहिरीवर, चहाच्या दुकानात पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी चार दिवसांची पाहुणी. निघताना मला भेल्या बांधून दिल्या, त्या चाचाने स्वतः निवडल्या. आणि पाणी प्यायला दिलं ते पेल्यातून. तांब्या कट्ट्यावर होता, दोन दिवसांचा न घासलेला, काळसर.

पुण्यात सरांनी वही तपासली. प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना असतो, धूळ, तापमान, बॅटरी असं काहीबाही लिहायचा. पन्नासाव्या नोंदीपुढे मी लिहिलं होतं: "उरलेला रस मालकांनी प्याला. ओठ लावून." सरांनी चष्मा वर केला.

"जाधव, याचा साखरेशी काय संबंध?"

"नळी त्या पेल्यामुळेच जगली, सर," मी म्हटलं, आणि मग त्यांना मी कोणत्या जाधवांपैकी आहे इथपासून सगळं सांगितलं.